सोबतीला बाईमाणूस

“मुलींनी शुक्रवारी यायचं नाही,” थिटे सर हातावरचा खडू झटकत म्हणाले. “विकासची वही घ्यायची आणि त्यावरून अहवाल उतरवून काढायचा.”

बारावी आर्ट्सला भूगोल घेतलेल्या मुली आम्ही तिघीच. मी, नसीम आणि छाया. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात एखाद्या जागी प्रत्यक्ष जाऊन तिथं काय दिसलं त्याचा अहवाल वहीत लिहावा लागे. सरांनी त्यावर सही करायची आणि वर्षाअखेरी बाहेरगावचे परीक्षक येऊन गुण द्यायचे, अशी रीत. आमच्या कॉलेजची जागा ठरलेली होती, कुंडवाडीच्या नदीतले रांजणखळगे. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरागरा फिरून खडकाला जी रांजणासारखी भोकं पाडतात, ते. पुस्तकात त्यांचं एक काळंपांढरं चित्र होतं. अकरावीपासून मी ते इतक्यांदा उघडून बघितलं होतं की त्या पानाशी पुस्तक आपोआप उघडायचं.

मी उठून उभी राहिले. “का, सर?”

“सोबतीला बाईमाणूस नाही. आपल्या कॉलेजात एकही मॅडम नाहीत. नदीचं काम, काही कमीजास्त झालं तर निस्तरायचं कुणी?”

“माझी आई येईल, सर.”

मागचे बाक खदखदले. सरांनाही हसू आवरलं नाही. “तुझी आई आली तर गावानं त्या दिवशी काय गहू फुंकून खायचे? बस खाली. आणि दसगुडे, तुला त्या खळग्यांचं एवढं काय पडलंय? उद्या लग्न झालं की नवरा दाखवील सगळं.”

मी बसले नाही. घंटा होईस्तोवर तशीच उभी राहिले. सरांनी माझ्याकडं न बघता वाऱ्यांचा धडा शिकवला, पण त्या दिवशी त्यांचं दोनदा चुकलं.

आमची पिठाची गिरणी होती. घराच्या पुढच्या खोलीतच. आई ती एकटी चालवायची. भुवयांवर, पापण्यांवर पीठ, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल, आणि गिरणीच्या घरघरीवर मात करून करून चढलेला आवाज. गावातली निम्मी माणसं तिला शेवंताकाकू म्हणायची, उरलेली नुसतंच गिरणीवाल्या. वडील, आमचे अण्णा, कॉलेजातच क्लार्क होते. ते हळू बोलायचे. आईच्या आवाजामुळं त्यांना तशी सवय लागली की मुळातच तसे होते, कोण जाणे.

मी घडलं ते सांगितलं. आईनं बटण बंद केलं, पट्टा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, “आन् नवरा दाखवील म्हणाला?”

“हो.”

“मला कुठं दाखवलं?” तिनं आत जेवायला बसलेल्या अण्णांकडं बघून विचारलं. “लगीन करून आले त्याला इसेक वर्षं झाली. कुंडवाडी हाकेच्या अंतरावर. मला दाखवली का कुणी?”

“शेवंता, हा विषय वाढवू नको,” अण्णा म्हणाले. “थिटे सर संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या घरातले आहेत. अहवाल तर लिहायचा आहे. उतरवला काय नि बघून लिहिला काय.”

“मग तुमच्या कालिजात भूगोल कशाला शिकवता? वह्याच वाटा की घरोघर.”

अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई सरांच्या घरी गेली. मी मागं मागं. तिनं साडीसुद्धा बदलली नव्हती, नुसतं तोंड धुतलं होतं. सर ओट्यावर पेपर वाचत होते.

“सर, बाईमाणूस पाहिजे म्हणला व्हता. मी आले.”

सर गडबडले. “अहो काकू, तसं नाही. तुम्हाला भूगोलातलं काय कळणार?”

“मला कळायला कशाला पाहिजे? ते पोरींना कळू द्या. मी नुसती बाईमाणूस म्हणून येती. तेवढी तर हाये का न्हाई?”

“गाडीत जागा नाही.”

“मी उभी राहीन.”

“काकू, एकदा नाही म्हटलं ना!” सर एकदम उसळले. इतके की आतून त्यांच्या मंडळी दारात आल्या. “कॉलेज मला चालवायचंय की तुम्हाला?”

आईनं पदर कमरेला खोचला. मला वाटलं आता काहीतरी होणार. पण ती फक्त म्हणाली, “बरं. तुमची गाडी तुम्हाला लखलाभ. नदी काही तुमची न्हाई,” आणि वळली.

घरी येताना तिनं इब्राहिमभाईंच्या दुकानाशी थांबून मशीनवर वाकलेल्या त्या भल्या माणसाला विचारलं, “भाऊ, रविवारी नसीमला माझ्याबरोबर कुंडवाडीला धाडता का? संध्याकाळच्या आत आणून सोडते.” इब्राहिमभाई म्हणजे नसीमचे वडील, गावातले जुने शिंपी. ते थोडा वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, “भाभी, तुम्ही आहात तर धाडतो. आणि हा टेप न्या. मुलींना काही मोजायचं झालं तर.” छायाच्या घरी मात्र तिला तासभर बसावं लागलं. छायाची आजी काही केल्या ऐकेना. शेवटी आई म्हणाली, “मावशी, तुम्हीबी चला मग.” त्यावर आजी हसली आणि पोरीला परवानगी मिळाली.

शुक्रवारी मुलांची गाडी गेली. त्याच दिवशी अध्यक्षसाहेबांच्या मुलीचं नगरला लग्न होतं. ऑफिसातल्या सगळ्यांनाच कामाला जावं लागायचं, म्हणून अण्णाही पहाटेच निघाले होते. शनिवारी वर्गात मी विकासला विचारलं, “कसं होतं रे?” तो म्हणाला, “भारी,” आणि चपलेचा अंगठा नीट करायला वाकला.

रविवारी आईनं गिरणीला कुलूप लावलं. गिरणी दिवाळीतसुद्धा चालू असायची. दळण घेऊन आलेल्या एका बाईनं कुलूप बघून विचारलं, “काय हो, कोण गेलं?” आई म्हणाली, “कुणी गेलं न्हाई. आम्हीच चाललोय.”

एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी. नदी दिसण्याआधी तिचा आवाज आला. मग माळ एकाएकी संपला आणि खाली काळ्या खडकाचा तो विस्तार. चित्रात काहीच आलं नव्हतं. चित्रात चार भोकं होती. इथं सगळी नदीच पोखरलेली होती. खळग्यात खळगा, दोन खळग्यांमधली भिंत झिजून झालेल्या खिडक्या, कमानी, आणि तळाशी हिरवं, हलकं हलकं फिरणारं पाणी. वर नुकताच बांधलेला झुलता पूल होता. छाया तो ओलांडताना डोळे मिटून देवाचं नाव घेत होती आणि नसीम मुद्दाम उड्या मारत होती.

आम्ही टेप लावून तोंडं मोजली. दोरीला दगड बांधून खोली काढली. मी एका कोरड्या खळग्यात उतरले आणि भिंतीवरून हात फिरवला. बाहेरचा खडक खरखरीत, आतला मात्र घासून घासून ताटासारखा गुळगुळीत झालेला. त्यावर आडव्या, गोल फिरत खाली गेलेल्या रेघा बोटांना लागत होत्या. तळाशी ज्यांनी हे काम केलं ते गोटे अजून पडलेले होते. एकही टोकदार नव्हता. दगडाला झिजवता झिजवता तेही झिजले होते. मी तिथं किती वेळ बसले ते मला सांगता यायचं नाही. भूगोल हा विषय मी नापास व्हायची भीती नाही म्हणून घेतला होता. त्या खळग्यातून वर आले ती त्याच विषयाची होऊन.

आई पाण्यात पाय सोडून बसली होती. “हे कुणी केलं गं?”

मी तिला भोवरा कसा होतो, दगड कसे अडकतात, सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग थोड्या वेळानं, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, साडी वर खोचून ती सरळ एका उथळ खळग्यात उतरली आणि कंबरभर पाण्यात एक बुडी मारून लहान पोरीसारखी हसली. तिच्या केसांतलं पीठ पहिल्यांदाच पूर्ण धुतलेलं मी पाहिलं.

मी जे पाहिलं ते लिहिलं. तारीख रविवारची घातली. कोण कोण गेलं ते लिहिलं, आईचं नावसुद्धा. सरांनी माझी वही उघडली, दोन पानं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ते चिडतील. पण त्यांना भीती वाटल्यासारखं दिसलं, आणि ते मला त्या वेळी कळलं नाही.

“हे फाड. कॉलेजच्या परवानगीशिवाय दिलेली भेट चालत नाही. विकासचं उतरव, तारीख शुक्रवारची घाल, मग सही.”

“सर, शुक्रवारी मी गेलेच नव्हते.”

“तर मग सही नाही. शून्य मिळेल.”

नसीम आणि छायालाही त्यांनी तेच सांगितलं. छायानं त्याच रात्री उतरवून काढलं. नसीम दोन दिवस टिकली. मग इब्राहिमभाईंना कुणीतरी दुकानाच्या गाळ्याबद्दल हटकलं, गाळा कॉलेजच्या संस्थेचा होता. नसीम माझ्यापाशी येऊन म्हणाली, “कांचन, मला माफ कर. अब्बा झोपत नाहीत.” मी म्हटलं, “तू लिही. मला राग नाही.” आणि खरंच नव्हता.

मग अण्णा. ते माझ्या अंथरुणाशी येऊन बसले. “बाळ, एका अहवालानं काय होतं? माझी नोकरी त्या लोकांच्या हातात आहे. लिहून टाक.”

“अण्णा, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते फाडून, न पाहिलेलं कसं लिहू?”

“मी हात जोडतो तुला.”

त्यांनी खरोखर हात जोडले. मी आईकडं बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती.

“तुझं काय ठरलंय?” तिनं विचारलं.

“नाही लिहिणार.”

“मग नको लिहू,” आई म्हणाली आणि दिवा मालवला. अण्णा अंधारात तसेच बसून राहिले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी शिंत्रे नावाचे परीक्षक आले. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, अंगात हातानं विणलेला स्वेटर. त्यांनी सगळ्या वह्या पुढ्यात घेतल्या आणि एकेक वाचू लागले. थिटे सर शेजारच्या खुर्चीत बसून चहा मागवत होते.

“विकास कोण?” परीक्षकांनी विचारलं. “अहवाल चांगला लिहिलायस. नदीच्या पलीकडच्या काठाला कसे गेलात?”

“नावेतून, सर.”

“नावेतून?” त्यांनी चष्मा पुसला. “गेल्या पावसाळ्याआधी मी कुंडवाडीला गेलो होतो. तिथं पूल झालाय. आता नाव कुठली?”

त्यांनी दुसरी वही घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांत नावेतूनच गेल्याचं. नावाड्यानं सांगितलेली तीच एक गोष्ट, त्याच शब्दांत. मग माझी वही त्यांच्या हातात आली.

“यात पूल आहे,” ते म्हणाले. “पण सही नाही. दसगुडे कोण?”

मी पुढं झाले.

“ती सहलीला नव्हती, सर,” थिटे सर घाईनं म्हणाले. “मनानंच काहीतरी लिहिलंय. शिस्त नाही मुलीला.”

“खळग्याच्या आतल्या बाजूला काय असतं?” परीक्षकांनी मला विचारलं.

“गोल रेघा असतात, सर. वरून खाली फिरत गेलेल्या. डोळ्यांना नीट दिसत नाहीत, बोटांना लागतात.”

त्यांनी वही खाली ठेवली. “आत उतरली होतीस?”

“हो, सर.”

“कुणाबरोबर?”

“आईबरोबर,” मी म्हटलं. आणखी नावं घेतली नाहीत.

तेवढ्यात मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. नसीम उभी होती. “सर, मीपण गेले होते. माझ्या वहीत नाव लिहिलीय ती खोटी आहे. मी उतरवलंय ते. आम्ही पुलावरून गेलो होतो.” आणि तिच्या शेजारी, रडत रडत, छायाही उठली.

परीक्षकांनी विकासकडं मान वळवली. “आणि तुम्ही सगळे शुक्रवारी कुठं होता?”

विकासनं थिटे सरांकडं पाहिलं. मग नसीमकडं. मग खाली बघून म्हणाला, “अध्यक्षसाहेबांकडं लग्न होतं, सर. नगरला. आम्ही वाढायला होतो.”

“जिलबी माझ्याकडं होती,” मागचा एक मुलगा भीतीनं बोलून गेला. कुणी हसलं नाही.

तेव्हा मला सगळं कळलं. बाईमाणसाचा प्रश्न कधी नव्हताच. सहलच नव्हती. मुलांचे अहवाल पूल होण्याआधीच्या कुठल्यातरी जुन्या वहीवरून उतरवलेले होते. मुली नकोत, कारण मुलींना लग्नात पंगतीला वाढायला नेता येत नव्हतं. आई नको, कारण आई गाडीत बसली असती तर गाडी कुंडवाडीला न्यावी लागली असती. मला इतके दिवस वाटत होतं की मी माझ्या पायरीबाहेर गेले म्हणून सरांना राग आलाय. त्यांना एवढंच हवं होतं की नदीवर कुणी जाऊच नये.

परीक्षक थिटे सरांना म्हणाले, “या मुलीच्या वहीवर सही करा.”

सरांनी पेन उचललं नाही. “परवानगी नव्हती.”

“मग नियमानं मला हिला अहवालाचं शून्य द्यावं लागेल. आणि बाकी सगळ्यांनाही, कारण ते खोटे आहेत हे मला आता ठाऊक आहे.” ते माझ्याकडं वळले. “तुला चालेल?”

“चालेल, सर,” मी म्हटलं. “पण माझं शून्य वेगळं आहे.”

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. तोंडी परीक्षेत मात्र मला पैकीच्या पैकी दिले.

दुसऱ्या दिवशी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. अध्यक्षसाहेब स्वतः आले होते. थिटे सर खिडकीशी उभे. अण्णांना फायली ठेवून तिथंच थांबायला सांगितलं होतं.

“संस्थेची बदनामी झाली,” अध्यक्षसाहेब शांतपणे म्हणाले. “मुलीनं सगळ्यांपुढं सरांची माफी मागायची. दसगुडे, सांगा तिला.”

अण्णांनी फायलींच्या कडा सारख्या केल्या. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. त्यांनी पुन्हा हात जोडले असते तर त्या वेळी मी काय केलं असतं, ते मला आजही ठाऊक नाही.

“दसगुडे?”

“साहेब,” अण्णा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता, ऐकायला अध्यक्षांना पुढं वाकावं लागलं. “पोरांना टेम्पोत मीच बसवलं. दिवसभर मांडवात मीच होतो त्यांच्यामागं. हिनं माफी कशाची मागायची?”

“तुम्ही विचार करून बोलताय ना?”

“आजवर विचार करून गप्प बसलो, साहेब.”

त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यात मी थांबले. म्हणजे अण्णांना माहीत होतं. मी उभी राहून “का, सर?” विचारलं तेव्हापासून. आई पदर खोचून त्या ओट्यापुढं उभी राहिली तेव्हाही.

“आईला तू सांगतेस की मी सांगू?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

पुढं मी भूगोलातच शिकले. आज नद्यांच्या खोऱ्यांची पाहणी करण्यातच माझं वर्ष सरतं आणि कामाला बरोबर मुली असतात, सोबतीला कोण, हे कुणी विचारत नाही. थिटे सर निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. इब्राहिमभाईंचा गाळा मात्र शेवटी गेलाच, आणि त्यांनी आमच्या कुलूप लागलेल्या गिरणीच्या ओट्यावर मशीन मांडलं. पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ.

अण्णांनी आईला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“म्हणजे मी त्या माणसाच्या दारात उभी राहून, मी बाईमाणूस हाये का न्हाई, म्हणून इचारत व्हते, तवा तुम्हाला ठाऊक व्हतं?”

“हो.”

“आन् आज बोलला?”

“हो.”

ती खूप वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. चुलीवरची भाकरी करपली. तिनं ती उलथण्यानं काढून बाजूला टाकली, नवीन थापली, भाजली, आणि अण्णांच्या ताटात वाढली.

“पोटभर जेवा,” ती म्हणाली. “उद्या बदलीचा हुकूम येईल. मग परत गप्प बसायची बुद्धी व्हायला नको.”

अण्णांनी पहिला घास मोडला आणि सांगितलं, “आलासुद्धा. मी घेतलाय.”

“कुठं?”

“पार घाटाखाली, संस्थेच्या शाळेत.”

“जाऊ की मग,” आई म्हणाली. “तिथं काय माणसं गहू फुंकून खात असतील?”